गाडगेबाबा : गावाला विचारणारं कीर्तन

संतसज्जनहो, आपल्या दिंडीला शंभर वर्षे पूर्ण झाली. या अंकासाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहा, अशी आज्ञा मंडळींनी आम्हास केली. ज्ञानोबा-तुकोबांवर लिहिणारे अधिकारी लोक या अंकात आहेत. आम्ही पडलो कास्तकार, शाळा चौथीपर्यंत. म्हणून आम्ही असा माणूस निवडला, ज्याला चौथीही भेटली नाही, पाटीवरचं अक्षर वाचता येत नव्हतं, आणि तरी वकील, डॉक्टर, मंत्री ज्याच्यापुढं मातीत मांडी घालून बसले. ते म्हणजे श्रीसंत गाडगेबाबा.

कोणी म्हणेल, बाबांचा ना फड, ना दिंडी, ना परंपरेची गादी. मग वारकऱ्यांच्या अंकात ते कसे? आमचं म्हणणं असं की कीर्तन हा आपल्या संप्रदायाचा प्राण आहे, आणि बाबांनी कीर्तनाचं जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं नाही. आपण कीर्तनात सांगतो. बाबा विचारीत. आपल्या कीर्तनात गाव ऐकतं. बाबांच्या कीर्तनात गाव उत्तर देई. या एका गोष्टीभोवती त्यांचं सगळं आयुष्य फिरतं, म्हणून चरित्रही त्याच वाटेनं सांगतो.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. गाव शेंडगाव, आताच्या अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जीकडे. जात परिटाची. नाव डेबू, वडील झिंगराजी जानोरकर, आई सखुबाई. झिंगराजींना दारूनं धरलं आणि दारूनंच नेलं. डेबू तेव्हा लहान होता. घर बसलं. आई लेकराला घेऊन माहेरी गेली, मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला. तिथं डेबूनं मामाची गुरं राखली, मोठा झाल्यावर नांगर धरला. अंगानं दणकट, कामाला वाघ. रात्री भजनात बसायचा. भजनाला जो येईल तो बसेल, जात विचारायची नाही, ही रीत त्यानं पोरवयातच धरली होती.

मामाचं घर खाऊनपिऊन सुखी होतं. पण सावकाराच्या कर्जात ते सापडलं. घरात कोणाला वाचता येत नव्हतं. कागदावर काय लिहिलं ते सावकार जाणे, यांनी फक्त अंगठा उठवायचा. त्यात चांगली जमीन हातची गेली आणि त्या धक्क्यानं मामाही गेले. बाप दारूनं गेला, मामा कर्जानं आणि अक्षर न येण्यानं गेला. पुढं पन्नास वर्षे बाबा जे प्रश्न महाराष्ट्राला विचारत फिरले, ते कुठल्या पोथीतून आले नव्हते. ते त्यांच्या घरातून आले होते.

१८९२ साली कुंताबाईंशी लग्न झालं. पहिली मुलगी झाली. त्या काळी बारशाला भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायची चाल होती. डेबूजींनी गोडाचं जेवण घातलं. जातगोत फुगून बसली, नावं ठेवली. आपल्याला आज यात विशेष वाटत नाही. पण ज्यांनी भावकीच्या चालीविरुद्ध एक ताट वाढून पाहिलं असेल, त्यांना त्याचं वजन कळेल. भावकी मोडणं हे सावकाराशी भांडण्यापेक्षा अवघड असतं.

१ फेब्रुवारी १९०५. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी डेबूजी घर सोडून निघाले. मागं आई, बायको, लेकरं. हे त्या घरावर किती कठीण पडलं असेल, ते चरित्र सांगताना आपण पटकन ओलांडून जातो. जाऊ नये. कुंताबाईंनी आयुष्यभर जे सोसलं, त्यावरही बाबांची पुण्याई उभी आहे, असं आम्ही मानतो.

अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात खराटा, जवळ मातीचं फुटकं गाडगं. भाकर मागायची ती त्यातच घ्यायची, पाणी त्यातच प्यायचं, आणि कधी ते डोक्यावर टोपीसारखं ठेवायचं. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीचा तुकडा. लोकांनी त्या गाडग्यावरूनच नाव पाडलं. गावात शिरले की कोणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही. खराटा घ्यायचा आणि झाडायला लागायचं. चावडीपुढची घाण, नाल्या, देवळामागचा उकिरडा. लोकांना वाटे कोणी वेडा आलाय. पोरं मागं लागत. दिवस मावळेस्तोवर गाव लख्ख होई, आणि मग हाच वेडा सांगे की आज रात्री कीर्तन आहे, सगळ्यांनी यावं. कीर्तन सांगणारा कोण, ते लोकांना रात्रीच कळे.

हे झाडणं कीर्तनाच्या आधी का, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आमच्या मते तोच पहिला प्रश्न होता. परका माणूस येऊन तुमचं अंगण झाडतो, तेव्हा तोंडानं काही विचारावं लागत नाही. माणूस आपोआप मनाशी विचारतो की हे काम कोणाचं होतं. रात्री कीर्तनाला येणारा माणूस अर्धा शरमून, अर्धा नरम होऊनच येई. वखरलेल्या वावरात पेरायचं, तसं ते होतं.

आता कीर्तनाकडे येऊ. बाबा उभे राहत आणि गोपाळाच्या नावाचा गजर धरीत. टाळ्यांवर सगळा जमाव डोलायला लागला की मधेच थांबत. मग एक साधा प्रश्न. इतका साधा की पोरालाही उत्तर यावं. लोक उत्तर देत. बाबा ते उत्तर मोठ्यानं परत म्हणत, म्हणजे मागच्याला ऐकू जाई आणि पुढच्याला पलटता येईना. मग दुसरा प्रश्न. मग तिसरा. वऱ्हाडी बोली, हसवून पोट दुखायला लावणारी. आणि चार-पाच उत्तरं झाली की हसू थांबे. कारण आपण आपल्याच तोंडानं कुठं येऊन पोचलो, ते लोकांच्या ध्यानात येई.

बाबांच्या बोलण्याची नक्कल करणारे पुष्कळ झाले. आम्ही ती करत नाही. फक्त रीत सांगतो, शब्द आमचे आहेत.

देवाचं घ्या. देव कुठं, असं विचारलं की लोक म्हणणार देवळात. त्याला आंघोळ कोण घालतं, धोतर कोण नेसवतं, नैवेद्यावर कुत्रं आलं तर कोण हाकलतं, अशी एकेक पायरी. रात्री तो दिसतो कशानं, तर दिव्यानं. दिवा गेला तर देव दिसत नाही. मग दोघांत मोठा कोण, हे सांगायचं काम ऐकणाऱ्याचं. सत्यनारायणाच्या कथेत वाण्याची बुडालेली नाव वर येते. मग महायुद्धात एवढ्या आगबोटी समुद्रात बुडाल्या, त्या पूजा घालून का काढत नाहीत, असं बाबा विचारीत. जमाव हसे आणि मग गप होई.

जातीचंही तसंच. माणसाच्या जाती किती, तर कोणी बारा सांगे, कोणी अठरापगड. बाबा विचारीत विचारीत लोकांना दोनावर आणीत, बाई आणि पुरुष. आणि कर्जाचं तर त्यांच्या काळजातलंच होतं. सण, लग्न, तेरवी, देवाचं जेवण, हे कर्ज काढून करायचं का? लोक नाही म्हणत. मग गेल्या साली कोणी केलं? इथं मात्र उत्तर येत नसे. पण शेजारी शेजाऱ्याकडे बघे, तेवढं पुरे होतं.

मंडळी, सांगणं आणि विचारणं यात फरक काय, ते कास्तकाराला लवकर कळतं. सांगितलेलं म्हणजे वरून फेकलेलं बी. काही पाखरं खातात, काही वाळून जातं. विचारून काढलेलं उत्तर म्हणजे तिफणीनं पेरलेलं. ते ज्याचं त्याच्या तासात पडतं. आणि दुसरं असं, की ते उत्तर चारचौघांत दिलेलं असतं. दारू वाईट, असं आपण मनात हजार वेळा म्हणतो. पण बायको, पोरं, भाऊबंद, सगळं गाव बसलेलं असताना तोंडानं म्हटलं, की सकाळी त्याच तोंडानं गुत्त्याकडे जाणं जड जातं. मनाला धरायचं असेल तर ते एकट्यानं धरवत नाही, गाव साक्षीला लागतं, ही खूण बाबांना कळली होती. कीर्तन झालं की बाबा पहाटेच्या आत गाव सोडीत. पाया पडू देत नसत. आपला कोणी गुरू नाही, आपण कोणाचे गुरू नाही, अशी त्यांची भाषा. त्यामुळं पूजा करायला गावाजवळ बाबा उरत नसत. फक्त स्वतःचं उत्तर उरे.

आता एका गोष्टीवर आम्हा वारकऱ्यांना थांबावं लागतं. बाबा पंढरपूरला येत. चंद्रभागेच्या वाळवंटात त्यांचं कीर्तन होई, अलोट माणूस जमे. वाळवंट झाडीत, गोरगरिबांना जेवू घालीत. पण देवळात दर्शनाला जात नसत. आम्ही तर आषाढीला तासन् तास रांगेत उभं राहून विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवतो, आणि जिवात जीव आहे तोवर ठेवणार. तेव्हा बाबांचं आणि आपलं इथं जुळत नाही, हे सरळ म्हणावं. ओढूनताणून जुळवू नये. मात्र एक ध्यानात घ्यावं. बाबांनी कोणाला वारी सोड म्हटलं नाही. ते रांगेच्या बाहेर जे होते त्यांच्यापाशी उभे राहिले. आंधळे, पांगळे, महारोगी, आणि ज्यांना रांगेत उभंच राहू देत नव्हते ते. पंढरीचा महाद्वार अस्पृश्यांना उघडा झाला तो १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. चोखोबांच्या समाजाला पंढरीत आडोसा नाही, पावसात वारकरी उघड्यावर पडतात, हे पाहून बाबांनी १९१७ साली तिथं चोखामेळा धर्मशाळा उभी केली होती. म्हणजे देऊळ उघडण्याच्या तीस वर्षे आधी. पुढं तीच धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला शिक्षणासाठी देऊन टाकली. आपण चोखोबांच्या पायरीवर डोकं टेकवतो. बाबांनी त्या पायरीवरच्या माणसाला छप्पर दिलं.

बाबांचं पहिलं मोठं काम मात्र ऋणमोचनचं. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी हे तीर्थ. पौषातल्या रविवारी जत्रा भरते, तिथं स्नान केलं की ऋणातून सुटका, अशी श्रद्धा. काठ सगळा चिखलाचा. म्हातारी माणसं घसरून पडत. बाबांनी कुदळ-फावडं घेतलं आणि उतार खणून वाट केली. मागून लोक हाताला लागले आणि लोकवर्गणीतून पक्का घाट झाला. ज्याच्या मामाची जमीन ऋणात बुडाली, त्यानं ऋणमोचनला घाट बांधावा, आणि वरून लोकांना सांगावं की ऋण पाण्यानं फिटत नाही, ते काढूच नये. देवाची करणी म्हणतात ती अशी.

मग नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर इथं धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ, गावाकडून आलेल्या रोग्यांच्या नातेवाईकांसाठी झाली. ज्यांचं माणूस मोठ्या दवाखान्यात पडलंय आणि बाहेर टेकायला जागा नाही, त्यांनाच त्या छपराची किंमत विचारा. अन्नछत्रं, आंधळ्या-पांगळ्यांची सेवा, जनावरांसाठी गोरक्षण, शाळा, वसतिगृहं. कर्मवीर भाऊराव पाटलांवर बाबांचा जीव. कऱ्हाडला रयत शिक्षण संस्थेचं कॉलेज १९५४ साली निघालं, त्याला बाबांचं नाव दिलं. पाटीवरचं अक्षर न येणाऱ्याच्या नावाचं कॉलेज!

एवढा पैसा बाबांच्या शब्दावर जमला, पण बाबांच्या अंगावर चिंध्या त्या चिंध्याच. ट्रस्ट केले, कारभार दुसऱ्यांच्या हाती दिला, घरच्यांना त्यात वाटा ठेवला नाही. आम्ही कीर्तनकारांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

१९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना निरोप आला, मुलगा गोविंदा गेला. कुत्रा चावल्याचं निमित्त झालं होतं. कर्ता होऊ घातलेला मुलगा. बाबा क्षणभर थांबले. जगात कोट्यवधी जातात, आपण एकाचं काय रडावं, अशा अर्थाचं काही बोलले आणि कीर्तन पुढं नेलं. काही लोक याला कठोरपणा म्हणतात. आम्हास तसं वाटत नाही. दुसऱ्याला भर सभेत विचारणाऱ्या माणसाला त्या रात्री काळानं भर सभेत विचारलं. गावोगाव ज्याला त्याला चारचौघांत उत्तर द्यायला लावलं, तर आपलं उत्तरही चारचौघांतच द्यावं लागणार, हे बाबांनी मानलं. मागून एकांतात बापाचं काळीज काय बोललं असेल, ते पांडुरंगाला ठाऊक. आपण त्यात पडू नये.

राजकारणाचं म्हणाल, तर बाबा कोणत्या खुर्चीच्या मागं लागले नाहीत. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर त्यांना फार मानीत. तरी बाबांचं राजकारण एकच होतं, शाळा. जेवणाचं ताट मोडा, हातावर भाकर घ्या, पण पोराला शाळेत घाला, हा त्यांचा कायमचा हट्ट. कीर्तनात ते आंबेडकरांचा दाखला देत. ज्या समाजाच्या हाती पिढ्यान् पिढ्या झाडू दिला, त्यातल्या एका बापाला पोराला शाळेत घालायची बुद्धी झाली, आणि त्या पोरानं हिंदुस्थानची घटना केली. याच्यापेक्षा राजकारणाचा धडा काय असतो! ज्याला वाचता येत नाही, त्याचा अंगठा दुसरा कोणी उठवून नेतो. मग तो सावकार असो की मतं मागणारा असो.

शेवटचं मोठं कीर्तन मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालं, ८ नोव्हेंबर १९५६ ला. ऐंशी वर्षांचं थकलेलं शरीर, समोर पोलीस आणि वस्तीची माणसं. हे कीर्तन ध्वनिमुद्रित झालं, म्हणून आजही कानांनी ऐकता येतं. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी एकदा तरी ऐकावं. बाबांचा प्रश्न ऐका, पण त्याहून जास्त जमावाचा आवाज ऐका. शेकडो माणसं एका आवाजात उत्तर देतात. कायदा राखणाऱ्यांच्याच दारात बाबांनी माणसांना स्वतःचा न्याय स्वतः करायला लावला.

६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्याचा घाव बाबांना लागला. पुढं दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीपाशी बाबांनी देह ठेवला. आयुष्यभर वाटेनं फिरलेला माणूस वाटेतच गेला. समाधी अमरावतीत आहे, त्या भागाला आता गाडगेनगर म्हणतात. पुढं सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं.

चरित्र इथं संपलं. पण शंभर वर्षांच्या दिंडीनं चरित्र वाचून हात जोडले आणि अंक फडताळात ठेवला, तर बाबांचं काही ऐकलं असं होणार नाही.

आज कीर्तनं पुष्कळ होतात. मांडव मोठे, भोंगे मोठे, बिदागी मोठी. ऐकणारा मात्र मुका झालाय. फार तर टाळी वाजवील, मान हलवील. त्याला कोणी काही विचारत नाही, म्हणून त्याच्यावर काही उरतही नाही. मुक्कामाच्या गावी पंगत आपल्या आधी कोणी तरी देणार, म्हणून कोणी पतसंस्थेतून, कोणी व्याजानं पैसे उचलतो. आम्ही नावं घेत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. ते अन्न आपण प्रसाद म्हणून खातो. दिंडी पुढं गेल्यावर मागं पत्रावळी, प्लॅस्टिकचे पेले, आणि ओढ्याकाठची घाण त्या गावाला उरते.

म्हणून दिंडीपुढं आमची एक विनंती आहे. येत्या वारीपासून मुक्कामाचं कीर्तन संपलं की वीणेकऱ्यानं वीणा खाली ठेवण्याआधी अर्धा घटका विचारण्याची ठेवावी. विचारणारा कीर्तनकारच पाहिजे असं नाही. एखादी म्हातारी माउली विचारील, एखादं शाळकरी पोर विचारील. आजच्या पंगतीसाठी कोणी कर्ज काढलं का? चुलीपाशी सगळ्यांचे हात चालले का, की काहींना पत्रावळीच उचलायला ठेवलं? सगळ्यांत शेवटी कोण जेवलं? उद्या आपण गेल्यावर ही जागा कोण झाडणार? उत्तरं मोठ्यानं द्यावी, मागच्याला ऐकू जातील अशी. आणि पहाटे पताका उचलायच्या आधी खराटा उचलावा.

पहिल्या साली लोक हसतील. बाबांनाही हसले होते. आपण उत्तर देत राहावं.

रामकृष्णहरी.